सगळ्या विभागांची मिळून संशोधन-व्याख्यानं: वेळ, भाषा, स्लाइड आणि पेटंटची भानगड

समन्वयक | धागाकर्ता

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठात जुलैच्या सत्रापासून दर पंधरवड्याला एक संशोधन-व्याख्यान ठेवायचं ठरतंय. एका दिवशी दोन वक्ते: एक पीएचडी करणारा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतले. समोर रसायन, इतिहास, वाणिज्य, भूशास्त्र, मराठी, संगणक असे सगळेच बसणार. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन करणारी मुलंही येतील.

विचारायचं ते असं:

एकूण वेळ किती ठेवावा आणि दोघांत कसा वाटावा? वक्ते निवडायचे कसे? विज्ञानवाल्यांच्या साच्यात भाषा-इतिहासवाल्यांना बसवावं का? मराठी स्लाइड सभागृहातल्या संगणकावर हमखास फुटतात, त्यावर कायमचा उपाय काय? आणि छापून न आलेलं काम असं चारचौघांत सांगितलं तर पेटंट हातचं जातं म्हणतात, ते कितपत खरं?

"विषय छान निवडा" छापाचे सल्ले नकोत, कृती सांगा.

---

घड्याळजी

आधी घड्याळ ठरवा, वक्ते मग. साठ मिनिटांचा हिशोब असा: विद्यार्थी १५ मिनिटं बोलणार, १० मिनिटं प्रश्न. प्राध्यापक २० मिनिटं बोलणार, १० मिनिटं प्रश्न. उरलेली पाच मिनिटं लॅपटॉप बदलणं आणि माइक लावणं यात जातात, ती कागदावर धरलीच पाहिजेत. विद्यार्थी नेहमी पहिला. प्राध्यापक आधी बोलले की ते ३५ मिनिटं घेतात आणि विद्यार्थ्याला सांगितलं जातं, "तू जरा आटोपतं घे."

वेळ दाखवायला समोरच्या रांगेत एक माणूस आणि तीन पुठ्ठे: ५, २, ०. शून्याचा पुठ्ठा वर गेला की सूत्रसंचालकाने उठून उभं राहायचं. बोलायची गरज पडत नाही. हे कुलगुरूंनाही लागू, असं पहिल्याच सूचनापत्रात लिहून टाका.

मराठीत संथपणे बोललं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे १५ मिनिटांत जास्तीत जास्त १८०० शब्द आणि १२ स्लाइड. विद्यार्थी ३५ स्लाइड घेऊन येतो, कारण ती फाइल त्याच्याकडे तयारच असते: संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती दाखवावी लागते, तीच. त्यात शीर्षक, उद्दिष्टं, गृहीतकं, पूर्वसाहित्याचा आढावा, कार्यपद्धती, प्रकरणांची मांडणी असा सगळा जामानिमा असतो. ती फाइल "काम नियमात चाललंय ना" हे तपासणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. इतर विभागांतल्या श्रोत्यांना त्यातलं पहिलं अर्ध कळत नाही, आणि कळेपर्यंत वेळ संपलेली असते. ती फाइल उघडायची नाही, हा पहिला नियम करा.

त्याऐवजी क्रम असा द्या. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न. मग तो अजून का सुटला नाही. मग एकच पद्धत, पण नीट. मग एकच आलेख किंवा एकच छायाचित्र, ज्यावर सगळं उभं आहे. शेवटी काय अडलंय ते.

उदाहरण म्हणून लोणार घ्या. "लोणार सरोवराचा भूरासायनिक अभ्यास" अशी सुरुवात केली की वाणिज्यवाले मोबाइल काढतात. त्याऐवजी: बेसॉल्टमध्ये उल्काघाताने झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्याचं वय थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या उजेडावरून) सुमारे ५२ हजार वर्षं येतं आणि आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. एकाच खड्ड्याच्या वयात दहापटींचा फरक कसा? आता इतिहासवालाही कान टवकारतो, कारण दोन साधनं दोन तारखा देतात तेव्हा काय करायचं हा त्याचाही रोजचा धंदा आहे.

आलेख दाखवताना आधी अक्ष सांगा: आडवा काय, उभा काय, एकक कुठलं, एक ठिपका म्हणजे नेमकं काय. वीस-तीस सेकंद लागतात. लॉग प्रमाण असेल तर "इथे प्रत्येक रेघ आधीच्या दहापट" हे तोंडाने बोलाच. हे टाळून थेट "यावरून स्पष्ट होतं की" म्हटलं की निम्मी खोली सुटते.

तालीम तीन दिवस आधी, त्याच खोलीत. श्रोता एकच, दुसऱ्या विभागातला, आणि त्याला काम एकच: शब्द कळला नाही की हात वर. पंधरा मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा हात वर गेला तर स्लाइड कमी करायच्या, बोलण्याचा वेग वाढवायचा नाही. तालमीला मार्गदर्शकांना बोलावू नका. मार्गदर्शक स्लाइड वाढवतात.

निवडीसाठी सत्राच्या सुरुवातीला तीन मिनिटांची फेरी घ्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेचा साचा इथे आयता मिळतो: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, हलती चित्रं नाहीत, हातात वस्तू नाही. बारा जण घेतले तर ३६ मिनिटं बोलणं आणि बदलाबदलीला प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे तासाच्या आत आटोपतं. त्यातून पूर्ण वेळेचे सहा वक्ते निवडा. ज्याला तीन मिनिटांत प्रश्न सांगता येत नाही त्याला पंधरा देऊनही येत नाही.

---

मोडीवाचक

घड्याळजींशी वेळेबाबत सहमत. पण "एकच आलेख" हा नियम आमच्याकडे आणू नका. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान इथे निबंध वाचला जातो, कारण तिथे युक्तिवाद वाक्यांच्या बांधणीत असतो. वाचू द्या. फक्त मोजून: २० मिनिटं म्हणजे २००० शब्द, दुहेरी ओळीत टाइप केलेली साधारण आठ पानं. नववं पान आणलं तर परत करायचं.

स्लाइडऐवजी हातात द्यायचा कागद ठेवा, ए-फोर, पाठपोट एकच. मोडी पत्रावरचं काम असेल तर एका बाजूला मूळ पत्राचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला बाळबोध लिप्यंतर, ओळींना क्रमांक घालून. वक्ता "ओळ सहा बघा" म्हणाला की पदार्थविज्ञानवालाही बघतो. तारखा उलगडून द्या. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, वर्ष मृगाला बदलतं म्हणून दोन आकडे. शुहूर ११६१ म्हणजे इसवी १७६०-६१, म्हणजे पानिपत त्याच वर्षात पडतं. एवढी एक ओळ कागदावर नसली तर प्रश्नोत्तरांतली पाच मिनिटं कालगणनेतच जातात.

विज्ञानवाले दोन प्रश्न हमखास विचारतात: नमुना किती आणि निवडला कसा? याचा राग मानण्यासारखं काही नाही. भाषणातच सांगून टाका: पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तराचे कुठले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पाहिले, त्यातली किती पत्रं वाचली, कुठली वाचली नाहीत आणि का, कुठली फाटकी किंवा तारीख नसलेली म्हणून सोडली. आमच्या लोकांना हे सांगायची सवय नाही, आणि खरं तर ती आपल्या आपल्यातही असायला हवी.

मुलाखतींवरचं काम असेल तर स्लाइडवर नाव तर नकोच, पण "अमुक गावच्या महिला सरपंच" असंही नको. गावात सरपंच एकच असतात. तालुका पुरे, कधी कधी नुसता जिल्हा.

भाषेचं म्हणाल तर वक्त्याला निवडू द्या, पण सूचनाफलकावर आधी छापा: "व्याख्यान मराठीत, स्लाइड इंग्रजीत" वगैरे. प्रश्न कुठल्याही भाषेत. इंग्रजीत बोलणाऱ्या वक्त्याला मराठीतला प्रश्न कळत नसेल तर सूत्रसंचालकाने एका वाक्यात सांगायचा, प्रश्नकर्त्याला पुन्हा विचारायला लावायचं नाही.

---

जोडाक्षर

फुटणाऱ्या स्लाइडबद्दल. दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

एक: जुने फॉन्ट, श्री-लिपी, कृतिदेव वगैरे. यांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा फाइलला उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) रूपांतरित करून घेणं. रूपांतरानंतर रफार, "ऱ्या" आणि "क्ष-ज्ञ" डोळ्यांनी तपासायचे, तिथे चुका राहतात.

दोन: मजकूर युनिकोडच आहे, पण मंगल किंवा कोकिळा विंडोजवर असतात आणि सभागृहातल्या यंत्रावर नसतात. मग यंत्र दुसरा फॉन्ट घालतं, ओळीची रुंदी बदलते, चौकटीतून मजकूर बाहेर सांडतो. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बलू वापरा, हे मुक्त आहेत आणि सभागृहाच्या संगणकावर एकदाच बसवून ठेवता येतात. पॉवरपॉइंटमध्ये जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच भरायची खूण असते, ती करा. शिवाय पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर हवीच. पीडीएफमध्ये हलती चित्रं मरतात, पण अक्षरं जगतात.

लाटेक्सवाल्यांसाठी, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर जुळवणाऱ्यांसाठी: पीडीएफलाटेक्सच्या नादी लागू नका. झीलाटेक्स किंवा लुआलाटेक्स, त्यात फॉन्टस्पेक, लिपी देवनागरी. लुआलाटेक्समध्ये हार्फबझ रेंडरर सांगावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाऊन बसू शकते. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी असं नमूद केल्यावर आपल्या वळणाचे ल आणि श येतात. आलेख काढायच्या पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये बहुतेक आवृत्त्या जोडाक्षरं नीट जुळवत नाहीत. आलेख नावांशिवाय काढा आणि नावं स्लाइडवर लिहा.

अक्षरांचा आकार: मजकूर २८ पॉइंट, त्याखाली नको. रोमनला २४ चालतं, पण देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्याने मधला भाग लहान पडतो. ओळींतलं अंतर १.२ पट तरी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वारावर आदळतो.

यंत्रसामग्रीत काय बिघडतं? जुना प्रोजेक्टर ४:३ असतो आणि फाइल १६:९. वर-खाली काळे पट्टे येतात, अक्षरं बारीक होतात. त्यामुळे प्रोजेक्टरचं प्रमाण वक्त्याला आठवडाभर आधी कळवा. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर दोन ठेवा, एक नेमका त्याच दिवशी जातो. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यासाठी ३.५ मिलिमीटरची वेगळी वायर लागते. व्हिडिओ दुव्यावरून नव्हे, फाइलमधून, तीस सेकंदांच्या आत. लाल-हिरव्या रेषांऐवजी निळी-नारिंगी घ्या, रंगांधांना दिसतात आणि मळक्या पडद्यावरही दिसतात. लेझरचा ठिपका एलईडी पडद्यावर आणि रेकॉर्डिंगमध्ये उमटत नाही, माउसचा बाण वापरा.

कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली. साडी किंवा ओढणी असेल तर पदर घासून खरखर येते आणि ट्रान्समीटर अडकवायला जागा नसते. वक्त्याला आधी विचारा आणि हातातला माइक तयार ठेवा.

---

समन्वयक

हे फारच उपयोगी आहे, मोडीवाचकांचा एका कागदाचा नियम आत्ताच उचलतोय. दोन शंका राहिल्या: पेटंट आणि हजेरी. वरून सूचना आहे की प्रत्येक विभागाने तीस मुलं पाठवायचीच.

---

कलम एकतीस

पेटंट. शोध नवा असणं ही अट आहे, आणि दारं उघडी ठेवून दिलेलं व्याख्यान म्हणजे जाहीर करणंच. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, आणि २०२४ च्या दुरुस्त नियमांत ती मागण्यासाठी नमुना ३१ हा अर्ज आला. पण विद्यापीठातलं पंधरवड्याचं व्याख्यान "विद्वत्सभा" ठरतं का, यावर विसंबून राहू नये. शिवाय युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. तिथे अर्ज करायचा असेल तर आधी बोललात की वाट बंद.

त्यामुळे क्रम असा: आधी तात्पुरता विनिर्देश (पेटंट कार्यालयात द्यायचं शोधाचं प्राथमिक वर्णन) दाखल करा, मग बोला. त्यानंतर पूर्ण विनिर्देशाला १२ महिने मिळतात. व्याख्यानाच्या तारखेआधी दाखल होत नसेल तर वक्त्याने परिणाम सांगावा, कृती सांगू नये: उत्प्रेरकामुळे अभिक्रिया कमी तापमानाला होते हे चालेल, उत्प्रेरकाची घडण आणि प्रमाण नाही. आणि लोक जिथे चुकतात ते असं: भाषणात तोंड सांभाळतात, पण संकेतस्थळावर टाकलेल्या सारांशात सगळं छापलेलं असतं. सारांश, पोस्टर, रेकॉर्डिंग, तिन्ही जाहीरच धरले जातात. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढलेला प्रबंधसुद्धा.

रेकॉर्डिंगसाठी वक्त्याकडून आधी लेखी घ्या, तीन पर्याय: नको, फक्त विद्यापीठात, सगळ्यांसाठी. खूण केली नसेल तर "नको" धरायचं.

नियतकालिकांचं सांगायचं तर तोंडी व्याख्यानामुळे सहसा अडत नाही, पण पूर्ण निबंध संग्रहात छापला तर अडू शकतं. म्हणून "व्याख्यानांचा संग्रह काढू या" हा उत्साह आवरा.

प्रमाणपत्राबद्दलही स्पष्ट लिहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएचडी नियमांत प्रबंध देण्याआधी एक प्रकाशित शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं लागत. २०२२ च्या नियमांत ती सक्ती उरली नाही. मात्र तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतील तर ते बघा. घरच्या व्याख्यानाला परिषद म्हणून प्रमाणपत्र दिलं तर पुढे विद्यार्थीच अडचणीत येतो.

---

तिसरा बाक

तीस मुलं सक्तीने आली की मागच्या पाच रांगा सही करून रिकाम्या होतात, आणि सभागृह मोठं घ्यावं लागल्याने पुढचे खरे वीस श्रोते विखुरतात. वरच्यांना पटवायचं तर असं: सक्ती दोनच विभागांना, वक्त्यांच्या, बाकी खुलं. खोली पन्नास खुर्च्यांची. विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी सूचनापत्र, सह्यांचा कागद, अहवाल आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेलं) छायाचित्र लागतं, ते सगळं जमतं. छायाचित्र सुरुवातीलाच घ्या. मधेच फ्लॅश मारत पडद्यासमोरून जाणारा छायाचित्रकार हा आपल्याकडचा खास उपद्रव आहे.

दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, प्रास्ताविक हे वर्षातून एकदा, पहिल्या दिवशी. एरवी परिचय तीन वाक्यांत. चहा नंतर, आधी नाही. आधी ठेवला की चारचं व्याख्यान साडेचारला सुरू होतं. नंतर ठेवला की खरी चर्चा तिथे होते आणि ती वेळेत बसवायची जबाबदारी कुणावर नसते.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, शक्यतो विद्यार्थिनीचा. हे उगाच नाही. २०१८ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या पाहणीत, १० देशांतल्या ३५ संस्थांमधल्या सुमारे अडीचशे सेमिनारांत, पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न कमी झालेले दिसले. मुलं इतर विभागांतल्या प्राध्यापकांसमोर तोंड उघडत नाहीत. म्हणून व्याख्यान चालू असतानाच चिठ्ठ्या फिरवा, सूत्रसंचालकाने त्यातल्या दोन निवडून वाचायच्या. प्रत्येकी एकच प्रश्न, तीस सेकंद. "माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे" असं म्हणणाऱ्या सरांना चहाकडे वळवायचं.

तारखा: विद्यापीठ परीक्षांचे आठवडे आणि गणपती सोडा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या "आविष्कार" या संशोधन-स्पर्धेची प्राथमिक फेरी कधी आहे ते बघून त्याआधीचे दोन महिने भरगच्च ठेवा. २००६ पासून चालू असलेल्या त्या आंतरविद्यापीठ संमेलनात मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक असे सहा गट असतात, आणि पदवी, पदव्युत्तर, पुढचे संशोधक आणि शिक्षक असे स्तर. तिथे परीक्षक दुसऱ्याच शाखेतले प्रश्न टाकतात आणि बरीच मुलं तिथेच अडखळतात. तुमच्या व्याख्यानांत त्याची तालीम आपोआप होते.

जोड्या लावताना दोन वक्त्यांचा विषय एक असावा असं नाही, एक जागा किंवा एक पदार्थ पुरतो. लोणारचंच बघा: जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, त्याच वर्षी ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, आणि गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आणि मूर्तिशास्त्राचे प्राध्यापक एका दिवशी बसतात, तिसऱ्या वेळी पर्यावरण कायद्यावर विधी विभाग.

---

समन्वयक

सक्तीचा मुद्दा याच शब्दांत पुढे पाठवतो. गणिताच्या मॅडम म्हणतात, स्लाइडवर बोलणारच नाही, फळा हवा. आमच्या सभागृहात आहे तो पांढरा बोर्ड.

---

घड्याळजी

मॅडमचं बरोबर आहे, सिद्धता लिहिताना वेग आपोआप श्रोत्याच्या हाताएवढा होतो. पण पांढरा बोर्ड वरच्या दिव्यात चकाकतो आणि सुकत आलेला मार्कर तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. चाकांचा हिरवा फळा एखाद्या विभागातून आणवा. मागची रांग दहा मीटरवर असेल तर अक्षर पाच सेंटिमीटर उंच, आणि फळ्याचा खालचा फूटभर भाग मोकळा सोडायचा, पुढच्यांच्या डोक्यांआड जातो. पुसण्याआधी "उतरवून झालं?" असं विचारायचं. फळ्यावरच्या व्याख्यानाला १५ मिनिटांत एकच प्रमेय, सिद्धतेचा कणा तेवढा; बाकीच्या पायऱ्या मोडीवाचकांच्या त्या ए-फोर कागदावर.